एकाच नावाचे अनेक चेकबॉक्स: सर्व्हरवर निवड नीट कशी घ्यायची?

अल्पविराम

नमस्कार मंडळी,

कोणत्या विषयांवरच्या सूचना ईमेलने हव्यात ते सदस्यांना निवडता यावं म्हणून एक फॉर्म केला आहे. बारा विषय, बारा चेकबॉक्स. सगळ्यांचं नाव एकच, 'विषय', आणि व्हॅल्यू म्हणून डेटाबेसमधला आयडी. (कोडमध्ये नावं रोमनमध्ये आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो.) सर्व्हरवर नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (नोडवरचं वेब फ्रेमवर्क).

दोन-चार विषय निवडले की सगळं सुरळीत चालतं. अडचण पुढच्या दोन ठिकाणी आहे.

एक: कोणी फक्त बाराव्या विषयावर टिक केली, तर डेटाबेसमध्ये १ आणि २ हे विषय जातात. बारावा जातच नाही.

दोन: सगळ्या टिक काढून सेव्ह केलं की 'बदल जतन झाले' असा संदेश येतो, पण पान पुन्हा उघडलं की जुन्या टिक जशाच्या तशा असतात.

शिवाय निवड साठवायची कशी, हेही अजून ठरलेलं नाही. एका कॉलममध्ये '३,७,१२' असं ठेवणं सोपं वाटतंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

उंबरठा

कोड बघण्याआधी ब्राउझरमधून नेमकं काय निघतंय ते बघा. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघडा, फॉर्म सबमिट करा, त्या रिक्वेस्टचा पेलोड (पाठवलेला मजकूर) कच्च्या स्वरूपात इथे टाका. तिन्ही प्रकारचा हवा: अनेक निवडलेले, एकच निवडलेला, एकही नाही.

अल्पविराम

अनेक: टोकन=…&विषय=३&विषय=७&विषय=१२
एकच: टोकन=…&विषय=१२
एकही नाही: टोकन=…

तिसऱ्यात 'विषय' नावाचं काहीच नाही. हे असंच अपेक्षित आहे का?

जुनीवही

हो, असंच अपेक्षित आहे, आणि तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ या तीन ओळींत आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा घोळ प्रत्येक भाषेत नव्या रूपात भेटतो.

फॉर्म सबमिट होतो तेव्हा ब्राउझर नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांची एक सपाट यादी पाठवतो. अ‍ॅरे (एकाच व्हेरिएबलमधली अनेक मूल्यं) नाही, ऑब्जेक्ट (किल्ली-मूल्यांचा संच) नाही, नुसत्या एकामागून एक जोड्या. एकच नाव कितीही वेळा आलं तरी चालतं. टिक नसलेला चेकबॉक्स या यादीत येतच नाही. तो 'खोटं' किंवा शून्य म्हणून येत नाही, मुळीच येत नाही. १९९९च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे आणि आजही तो तसाच आहे. व्हॅल्यू द्यायची राहून गेली तर टिक केलेल्या चेकबॉक्सची व्हॅल्यू म्हणून 'ऑन' एवढाच शब्द जातो. सगळ्या चेकबॉक्सना एकच नाव असेल तर मग 'ऑन, ऑन, ऑन' येतं आणि कोणते निवडले ते कळायला मार्ग नाही. तुम्ही आयडी दिलेत, त्यामुळे ती अडचण तुम्हाला नाही.

ही यादी सर्व्हरवर पोचल्यावर तिचं काय करायचं, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेलं आहे.

पीएचपीमध्ये एकाच नावाच्या अनेक जोड्या आल्या तर शेवटची टिकते, आधीच्या पुसल्या जातात. सगळ्या हव्या असतील तर नावापुढे चौकोनी कंस लावायचे, 'विषय[]'. मग अ‍ॅरे मिळतो. जावाच्या सर्व्हलेटमध्ये गेटपॅरामीटर पहिली व्हॅल्यू देतं. सगळ्या हव्या असतील तर गेटपॅरामीटरव्हॅल्यूज, आणि एकही नसेल तर ते रिकामा अ‍ॅरे न देता नल ('काहीच नाही') देतं. जँगोत साधं गेट शेवटची व्हॅल्यू देतं, फ्लास्कमध्ये तेच गेट पहिली देतं. दोघांकडेही गेटलिस्ट आहे आणि ते नेहमी यादीच देतं, रिकामी का होईना. गोमध्ये फॉर्मव्हॅल्यू पहिली देतं, फॉर्म हा मॅप थेट वाचला तर पूर्ण स्लाइस मिळतो. जुन्या क्लासिक एएसपीत सगळ्या व्हॅल्यू स्वल्पविरामाने जोडलेली एकच स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) हातात यायची.

आता तुमचं एक्सप्रेस. त्याचा फॉर्म वाचणारा भाग नाव एकदाच आलं तर स्ट्रिंग देतो, एकाहून अधिक वेळा आलं तर अ‍ॅरे. म्हणजे किती टिक केल्या यावर व्हेरिएबलचा प्रकार बदलतो. 'विषय=१२' आलं की तुमच्या हातात '१२' ही दोन अक्षरांची स्ट्रिंग असते. तिच्यावर फॉर-ऑफ (घटक एकेक करून घेणारा लूप) फिरवलं की अ‍ॅरेचे घटक न मिळता अक्षरं मिळतात: '१' आणि '२'. तेच आयडी समजून डेटाबेसमध्ये गेले. ते आयडी खरोखर अस्तित्वात असल्यामुळे एरर आली नाही. म्हणून हा बग महिनोन्महिने लपून राहतो. आयडी एक ते नऊ असेपर्यंत सगळं बरोबर चालतं आणि दहावा विषय जोडला त्या दिवसापासून बिघडतं.

फॉर्म परत दाखवताना इन्क्लूड्स ('यात हे आहे का' तपासणारं फंक्शन) वापरत असाल तर तेही तपासा. अ‍ॅरेवर इन्क्लूड्स पूर्ण घटक शोधतं, स्ट्रिंगवर तुकडा शोधतं. '१२' या स्ट्रिंगमध्ये '१' सापडतो, त्यामुळे पानावर १, २ आणि १२ अशा तीन टिक दिसतील.

उपाय: रूटच्या (ही रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडच्या) पहिल्याच ओळीत त्याचा अ‍ॅरे करून घ्या. काहीच नसेल तर रिकामा अ‍ॅरे, स्ट्रिंग असेल तर एका घटकाचा अ‍ॅरे, अ‍ॅरे असेल तर आहे तसा. पुढच्या सगळ्या कोडने फक्त अ‍ॅरेच बघावा.

चौथाकंस

जुनीवही यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, एक भर घालतो. एक्सप्रेसमध्येही नाव 'विषय[]' ठेवलं तर एकच टिक असतानाही अ‍ॅरे मिळतो, पण पार्सरला (फॉर्म वाचणाऱ्या भागाला) एक्स्टेंडेड ट्रू दिलं असेल तरच. फॉल्स दिलं तर कंसांना काही अर्थ उरत नाही आणि किल्लीचं नाव कंसांसकट 'विषय[]' असंच येतं. ब्राउझरच्या लेखी कंस म्हणजे नावातली साधी अक्षरं. पीएचपी आणि काही लायब्रऱ्या त्यांना अर्थ देतात, एवढंच.

म्हणून मी कंसांवर भिस्त ठेवत नाही. कंस असोत वा नसोत, सर्व्हरवर अ‍ॅरे करून घेणारं एक छोटं फंक्शन हवंच. कोणीही हाताने रिक्वेस्ट बनवून 'विषय=१२' किंवा 'विषय[अ][ब]=१२' पाठवू शकतं. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅरेच्या जागी ऑब्जेक्ट येऊन पडेल.

अल्पविराम

पहिली अडचण सुटली! फॉर-ऑफच होतं. आता दुसरी. माझा कोड असा आहे: बॉडीमध्ये 'विषय' असेल तर जुनी निवड काढून नवी घाल, नसेल तर पुढे जा. 'नसेल तर' हा भाग काढून टाकला आणि रिकामा अ‍ॅरे धरला की झालं ना?

सांजवेळ

या फॉर्मपुरतं झालं. पण तोच रूट दुसरीकडून कुठून बोलावला जातो का? मोबाइल अ‍ॅपमधून, किंवा फक्त नाव बदलायच्या छोट्या फॉर्ममधून? तिथून 'विषय' येणारच नाही, कारण तिथे ते विचारलेलंच नाही. तुमचा नवा कोड त्याचा अर्थ 'सगळं काढा' असा लावेल आणि नाव बदललेल्या सदस्याच्या सगळ्या सूचना बंद होतील.

वर्गात हजेरी घेतली आणि कोणीच आलेलं नव्हतं, आणि हजेरी घेतलीच नाही, या दोन्ही दिवशी पटावर खूण दिसत नाही. तुमच्या सर्व्हरला आत्ता फक्त पट दिसतोय. हजेरी घेतली होती का, हे त्याला वेगळं कळायला हवं.

सर्वात साधा मार्ग: फॉर्ममध्ये एक हिडन फील्ड, समजा 'विषय_विचारले=१'. ते आलं असेल तरच विषयांना हात लावायचा, नाहीतर ती बाब जशी आहे तशी सोडायची.

निळीशाई

यासाठी वेगळ्या नावाची गरज काय? रेल्स (रुबी भाषेचं वेब फ्रेमवर्क) करतं तसं करा. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं, रिकाम्या व्हॅल्यूचं हिडन फील्ड. मग 'विषय' नेहमीच येतं. एएसपी डॉट नेट कोअरमध्येही असाच हिडन फील्ड आपोआप घातला जातो.

सांजवेळ

चालतं, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अनेक निवडींच्या गटात ती रिकामी व्हॅल्यू तुमच्या यादीत येऊन बसते. रेल्समध्ये नवखे लोक हमखास इथे अडखळतात: अ‍ॅरेत पहिला घटक रिकामी स्ट्रिंग असते, ती न गाळता मोजलं की 'किमान एक निवडा' ही अट काहीही न निवडता पूर्ण होते. आणि एकट्या हो-नाही चेकबॉक्ससाठी ही युक्ती वापरली तर हिडन फील्ड आधी ठेवायचं की नंतर, हे सर्व्हर पहिली व्हॅल्यू उचलतो की शेवटची यावर अवलंबून असतं. रेल्समध्ये शेवटची टिकते म्हणून ते आधी ठेवतात. तोच फॉर्म सर्व्हलेटच्या गेटपॅरामीटरने वाचला तर उत्तर कायम 'नाही' येईल.

वेगळं नाव ठेवलं की यातलं काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

उंबरठा

मी याच्याही एक पाऊल पुढे जाईन. 'विचारलं की नाही' एवढंच पुरत नाही, काय काय विचारलं ते पाठवा.

एका ठिकाणी पाहिलेला प्रकार सांगतो. परवानग्यांचा फॉर्म होता. मुख्य प्रशासकाला सगळ्या परवानग्या दिसायच्या, विभागाच्या प्रशासकाला त्याच्या अखत्यारीतल्याच. सेव्ह करताना कोड जुन्या सगळ्या काढून आलेल्या घालायचा. विभागाच्या प्रशासकाने कोणाच्या तरी एका परवानगीत बदल केला, की त्या व्यक्तीच्या बाकी विभागांतल्या सगळ्या परवानग्या उडायच्या. त्याच्या पडद्यावर त्या नव्हत्याच, म्हणून त्यांच्या टिक आल्या नाहीत, म्हणून कोड समजला की त्या काढल्या. लॉगमध्ये एरर नाही. लोक म्हणायचे, 'अ‍ॅक्सेस आपोआप जातो'.

म्हणून फॉर्म बनवताना दाखवलेले आयडी एका हिडन फील्डमध्ये द्या: 'दाखवलेले=१,२,३,४'. सर्व्हरवर हिशेब असा:

दाखवलेल्यांत आहे आणि निवडलेल्यांत आहे: ठेवा किंवा घाला.
दाखवलेल्यांत आहे पण निवडलेल्यांत नाही: काढा.
दाखवलेल्यांतच नाही: हात लावू नका.

पानांत विभागलेल्या यादीला हेच लागू. दुसऱ्या पानावरच्या टिक पहिल्या पानाच्या फॉर्ममध्ये येत नाहीत. आणि सदस्याने फॉर्म उघडून ठेवला असताना तुम्ही तेरावा विषय जोडलात, तो सगळ्यांना मुळातच चालू ठेवलात, तर जुन्या उघड्या फॉर्मने तो बंद होणार नाही.

चौथाकंस

पण 'दाखवलेले' हेही ब्राउझरकडूनच येतंय. त्यात कोणी काहीही भरू शकतं.

उंबरठा

बरोबर. म्हणून त्या यादीचा, ज्यांना हात लावायची त्या व्यक्तीला परवानगी आहे त्या यादीशी छेद (दोन्हींत असलेले तेवढेच) घ्यायचा. परवानगीची यादी सर्व्हर स्वतः काढतो. मग खोटी 'दाखवलेले' पाठवूनही माणूस फक्त त्याच गोष्टी बदलू शकतो ज्या तो नाहीतरी बदलू शकला असता.

कोरेपान

मध्येच एक शंका. चेकबॉक्स डिसेबल केला असेल पण त्यावर टिक असेल, तर व्हॅल्यू जाते का? आमच्याकडे एक विषय सक्तीचा आहे, तो टिक करून डिसेबल करून ठेवला आहे.

जुनीवही

नाही जात. डिसेबल केलेलं काहीच जात नाही. आणि रीडओन्ली चेकबॉक्सला लागू पडत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. सक्तीचा विषय सर्व्हरवरच घाला, फॉर्मवर अवलंबून राहू नका. तसंच, 'सगळे निवडा' चेकबॉक्सवर अर्धवट निवडीची जी आडवी रेघ दिसते ती फक्त दिसण्यापुरती असते. सर्व्हरकडे तिची काहीच खबर जात नाही. त्या चेकबॉक्सला नावच देऊ नका, म्हणजे तो यादीत लुडबुड करणार नाही.

निळीशाई

साठवणुकीचा प्रश्न मागे पडला. स्वल्पविरामाच्या स्ट्रिंगला सगळे नावं ठेवतात, पण सदस्याची निवड फक्त त्याच्याच पानावर दाखवायची असेल तर एक कॉलम पुरतो. एक वाचन, एक लेखन.

जुनीवही

इथे मी ठामपणे असहमत आहे, कारण अल्पविराम यांना सूचना पाठवायच्या आहेत. म्हणजे प्रश्न उलट्या बाजूने विचारला जाणार: सातवा विषय कोणाकोणाला हवा आहे? स्ट्रिंगमध्ये लाइक (तुकडा शोधणारी एसक्यूएल अट) लावून '१' शोधलात तर १०, ११ आणि १२ वालेही सापडतील. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम जोडून किंवा मायएसक्यूएलच्या फाइंड-इन-सेटने ते टळतं, पण साधा इंडेक्स (झटपट शोधाची सूची) कामी येत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण टेबल चाळावं लागतं. एखादा विषय काढून टाकला तर शेकडो स्ट्रिंगमध्ये मेलेला आयडी तसाच पडून राहतो, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारा नियम) तिथे काही करू शकत नाही.

सरळ तिसरं टेबल करा: सदस्य_विषय. दोनच कॉलम, सदस्य_आयडी आणि विषय_आयडी, दोघे मिळून प्रायमरी की. एकच जोडी दोनदा जाणं डेटाबेसच रोखेल. उलट्या प्रश्नासाठी विषय_आयडीवर वेगळा इंडेक्स.

बिटमास्कची पद्धतही लोक सुचवतात: पहिल्या विषयाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, बेरीज एका आकड्यात. मायएसक्यूएलचा सेट हा प्रकार आतून हेच करतो आणि ६४ पर्यायांवर थांबतो. आठवड्याच्या सात वारांसारखी कधीच न बदलणारी यादी असेल तर ते ठीक आहे. तुमचे विषय वाढणार आहेत.

निळीशाई

उलटा प्रश्न आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग तिसरं टेबलच योग्य.

सांजवेळ

सेव्ह करताना 'सगळं डिलीट करून पुन्हा इन्सर्ट' की फरक काढून तेवढंच बदलायचं, हेही ठरवा. दोन कॉलमच्या टेबलात पहिली पद्धत चालून जाते, ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) असेल तर. ट्रान्झॅक्शन नसेल आणि डिलीटनंतर काही बिनसलं, तर सदस्याकडे काहीच उरत नाही. पण उद्या त्या टेबलात 'कधीपासून' हा कॉलम आला की डिलीट-इन्सर्ट तो दर वेळी पुसून टाकेल. फरक काढणं दोन संचांची वजाबाकी आहे, फार कोड लागत नाही. मी सुरुवातीपासून तेच करते.

चौथाकंस

आता तपासणीबद्दल, कारण हा भाग लोक हटकून गाळतात.

आलेली प्रत्येक व्हॅल्यू पूर्णांक आहे का, आणि परवानगी असलेल्या आयडींच्या यादीत आहे का, हे बघा. फॉर्ममध्ये बाराच चेकबॉक्स आहेत म्हणून बाराच्या बाहेरचं काही येणार नाही असं कधीही धरू नका. पुनरावृत्ती गाळा. 'किमान एक' आणि 'जास्तीत जास्त पाच' अशा अटी त्यानंतरच मोजा, नाहीतर एकच आयडी तीनदा पाठवून 'किमान तीन' पूर्ण होतं.

टिक करून एकदम डिलीट करायच्या यादीत तर हे फारच महत्त्वाचं. क्वेरीत आयडींच्या यादीबरोबर 'मालक = लॉगिन केलेला सदस्य' ही अट असलीच पाहिजे. ती नसेल तर कोणीही व्हॅल्यू बदलून दुसऱ्याच्या नोंदी उडवू शकतो. इन-च्या ('या यादीत आहे का' ही एसक्यूएल अट) कंसात आयडी स्ट्रिंग जोडून घालू नका, प्रत्येकासाठी वेगळा प्लेसहोल्डर (व्हॅल्यू वेगळी भरायची जागा) बनवा. आणि यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे रिकाम्या कंसाचा इन म्हणजे सिंटॅक्स एरर.

उंबरठा

मोठ्या यादीबद्दल एक धोक्याची सूचना. पीएचपीमध्ये २०१२ पासून एका रिक्वेस्टमधल्या व्हेरिएबलवर मर्यादा आहे, मूळ सेटिंग १०००. त्यापुढचे फील्ड एक वॉर्निंग देऊन गाळले जातात आणि कोड पुढे चालू राहतो. दीड हजार टिक असतील तर शेवटच्या पाचशे आल्याच नाहीत असं दिसेल, आणि 'आलं नाही म्हणजे काढलं' असा तुमचा हिशेब असेल तर त्या नोंदी जातील. जँगो आणि एक्सप्रेसचा पार्सर यांचीही मर्यादा मुळात १०००च आहे, पण ते पूर्ण रिक्वेस्ट नाकारतात. मला ते जास्त सुरक्षित वाटतं. 'दाखवलेले' ही यादी एकाच हिडन फील्डमध्ये जोडून पाठवा म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

कोरेपान

'किमान एक' साठी चेकबॉक्सवर रिक्वायर्ड लावलं तर?

सांजवेळ

ते त्या एकाच चेकबॉक्सला लागू होतं, गटाला नाही. बाराही जणांना लावलंत तर बाराही टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. रेडिओ बटणांचं वेगळं, तिथे ते पूर्ण गटाला धरतं. चेकबॉक्सच्या गटासाठी ब्राउझरमध्ये छोटी स्क्रिप्ट आणि सर्व्हरवर खरी तपासणी, असंच करावं लागतं.

तपासणी फसली आणि फॉर्म परत दाखवला, तर सदस्याने आत्ता केलेल्या टिक दिसू द्या, डेटाबेसमधल्या जुन्या नव्हे. तुलना करताना प्रकार जुळतोय ना तेही बघा: फॉर्ममधून '३' ही स्ट्रिंग येते, डेटाबेसमधून ३ हा आकडा. काटेकोर तुलनेत ते जुळत नाहीत आणि सगळ्या टिक गायब दिसतात.

अल्पविराम

सर्वांचे मनापासून आभार. आता क्रम असा केला आहे: अ‍ॅरे करून घेणं, पूर्णांक करणं, पुनरावृत्ती गाळणं, 'दाखवलेले' आणि परवानगीची यादी यांचा छेद, त्यातून काढायचे आणि घालायचे असे दोन संच, दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये. तिसरं टेबल केलं.

एक शेवटचा प्रश्न. पुढे हाच फॉर्म पान न बदलता, फेचने (ब्राउझरमधलं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) जेसॉन (मजकुरातून डेटा पाठवायची पद्धत) पाठवून सेव्ह करायचा आहे. फॉर्मडेटावरून ऑब्जेक्ट बनवला तर चालेल ना?

जुनीवही

ऑब्जेक्ट-फ्रॉमएन्ट्रीजने बनवलात तर एकाच नावाच्या जोड्यांपैकी शेवटचीच उरेल. पीएचपीचा कंस नसलेला प्रकार पुन्हा तुमच्याच ब्राउझरमध्ये. फॉर्मडेटाचं गेटऑल वापरा, ते नेहमी अ‍ॅरे देतं, रिकामा असला तरी. जेसॉनमध्ये तो रिकामा अ‍ॅरे तसाच पाठवता येतो, त्यामुळे 'एकही नको' हे स्पष्ट सांगता येतं. किल्लीच नसेल तर 'विचारलं नाही' असं धरा. 'दाखवलेले' मात्र तिथेही लागेल.

चौथाकंस

आणि चाचण्या लिहून ठेवा: एकही टिक नाही, एकच टिक आणि तीही दोन अंकी आयडीची, सगळ्या टिक, एकच आयडी दोनदा, यादीबाहेरचा आयडी, आणि 'दाखवलेले' न पाठवता आलेली रिक्वेस्ट. शेवटच्या चाचणीत सदस्य_विषय टेबलातली एकही ओळ बदलता कामा नये.